दया पाच मिनिटांची, सेवा सहा आठवड्यांची

मगरीबच्या अजानला दहा-बारा मिनिटे उरलेली असतात. खजुराच्या आणि कलिंगडाच्या गाड्यांवर शेवटची गर्दी उसळलेली असते. भज्यांची कढई तापलेली असते आणि दिवसभराचा रोजा घेऊन घराकडे निघालेली माणसे दुचाकी जरा जास्तच वेगात हाकतात. नेमक्या त्याच वेळी मटणाच्या दुकानामागून एखादे मांजर रस्ता ओलांडायला निघते. पुढचे दृश्य आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिले आहे. एक धडक, एक किंचाळी आणि मागचे पाय फरफटत गटाराच्या कडेला जाणारा जीव. चार माणसे थांबतात. कुणी हळहळतो, कुणी पाणी आणतो, कुणी निघून गेलेल्या दुचाकीस्वाराला शिव्या घालतो. तेवढ्यात अजान होते आणि घोळका पांगतो.

मागे उरते ते मांजर आणि, नशीब असेल तर, एखादी व्यक्ती. कधी ती शिकवणीहून परतणारी कॉलेजची मुलगी असते, कधी निवृत्त कारकून, कधी हातगाडी लावणारा तरुण. ती व्यक्ती शेजारच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागते, आपली ओढणी किंवा पंचा त्यात अंथरते आणि पुढचा महिना-दीड महिना तिच्या घराचा एक कोपरा दवाखाना होतो. प्रत्येक शहरात अशी चार-दोन माणसे असतात. त्यांना हिंदू-मुसलमान अशी ओळख नसते. गल्लीत त्यांना ‘मांजरवाली’ किंवा ‘मांजरवाला’ म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त असते. रमजान हा दयेचा महिना म्हणून ओळखला जातो. त्या दयेचा सगळा भार या चार-दोन माणसांवर टाकून बाकीचे शहर मोकळे होते, ते बरोबर आहे का, हा प्रश्न या महिन्यात विचारायलाच हवा.

इस्लामी परंपरेत मांजराला जवळची जागा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून सर्वाधिक हदीस ज्यांनी सांगितल्या, त्या सोबत्याला ‘अबू हुरैरा’ म्हणजे मांजराच्या पिलाचा बाप या लाडक्या नावानेच जग ओळखते. अंगरख्याच्या बाहीवर झोपलेल्या मांजराची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी बाहीच कापली, ही गोष्टही घरोघरी सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण ग्रंथांत ती सापडत नाही. जे सापडते ते याहून साधे आणि अधिक उपयोगाचे आहे.

‘अबू दाऊद’च्या संग्रहात हजरत अबू कतादा यांचा प्रसंग आहे. त्यांच्या सुनेने वजूसाठी पाणी ठेवले होते. एक मांजर त्या भांड्याकडे आले. अबू कतादांनी त्याला हाकलले नाही. त्याला नीट पिता यावे म्हणून भांडे तिरके करून धरले. सून चकित होऊन पाहू लागली, तेव्हा त्यांनी सांगितले की, मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीच एक आहे, असे प्रेषितांनी म्हटले आहे. नमाजची वेळ झालेली आहे, पाणी वजूचे आहे आणि तरीही भांडे तिरके झाले, एवढेच त्या प्रसंगात घडते.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेला पात्र ठरली. या हदीसचा उल्लेख बहुधा क्रूरपणाविरुद्ध केला जातो. बारकाईने पाहिले तर त्या स्त्रीने मांजराला मारहाण केल्याचे कुठेच म्हटलेले नाही. तिने एका जिवाला आपल्या ताब्यात घेतले आणि मग त्याची जबाबदारी विसरली, हा तिचा गुन्हा होता. जखमी प्राण्याला उचलून घरी आणणाऱ्याने तर ही हदीस दोनदा वाचावी. उपचारासाठी का होईना, आपणही त्याला कोंडतोच. त्या कोंडण्याला वेळेवर अन्न हवे आणि शेवटी सुटकाही हवी. आवेशात उचलले, दोन दिवस फोटो काढले, तिसऱ्या दिवशी कंटाळा आला आणि गच्चीवरच्या खोक्यात मांजर विसरले गेले, असे घडले तर ती दया राहत नाही.

ही जाणीव एकाच धर्माची नाही. बाळाच्या सटीला पूजल्या जाणाऱ्या षष्ठी देवीचे वाहन मांजर मानले जाते. मांजर मारल्यास काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे आपल्याकडच्या आज्यांनी कित्येक पिढ्यांना ऐकवले. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मोठा दंगा उसळला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, पारशी दानशूर जमशेटजी जिजीभाई आणि जैन-हिंदू व्यापारी यांच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळ उभे राहिले. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मुंबईची संस्था १८७४ ची. तिकडे कैरोमध्ये तेराव्या शतकातील सुलतान बैबर्सने मांजरांच्या अन्नासाठी एक बाग लावून दिल्याची नोंद एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. बागेचे उत्पन्न कधीच आटले होते, तरी काजीच्या न्यायालयाच्या अंगणात रोज दुपारनंतर मांजरांना खाणे घातले जात असे, असेही तो सांगतो. व्यवस्था लावून दिली की भूतदया माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, हा या सगळ्यांतला समान धागा आहे.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. जखमी मांजर दिसले तर काय करावे, हे माहीत नसल्यामुळे चांगल्या मनाच्या माणसांकडूनच पुष्कळ नुकसान होते. पहिली चूक म्हणजे तोंडात पाणी किंवा दूध ओतणे. धक्का बसलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही आणि ते पाणी फुप्फुसात जाऊ शकते. दुसरी चूक म्हणजे घरातली वेदनाशामक गोळी देणे. माणसाचा ताप उतरवणारे पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. ते पचवण्याची यंत्रणाच त्याच्या यकृतात पुरेशी नसते, त्यामुळे एक गोळीही जीव घेऊ शकते. तिसरी चूक म्हणजे जखमेवर फिनेल ओतणे. मांजर अंग चाटते आणि ते सगळे पोटात जाते.

मग करायचे काय? जाड टॉवेल किंवा गोणपाट त्याच्यावर हलकेच टाकावे. कितीही ओळखीचे मांजर असले तरी वेदनेत ते चावते. एक हात खांद्यांखाली आणि दुसरा कमरेखाली घालून अंग शक्यतो सरळ ठेवून उचलावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. वरून कापड टाकावे, कारण अंधारात ते शांत होते आणि उबही राहते. तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर एक मिनिटही न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. आतून रक्तस्राव झाल्याची किंवा छातीला मार लागल्याची ती खूण असते. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही म्हणून मांजर बरे आहे असे समजू नये. आणि उचलणाऱ्याला चावा बसला किंवा ओरखडा आला, तर साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. इथे धाडस दाखवण्यात काही पुण्य नाही.

एकटी दिसणारी लहान पिले ही वेगळी गोष्ट. मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. आई एकेक पिलू तोंडात धरून जागा बदलत असते. अशा वेळी मधले पिलू उचलून नेणे म्हणजे त्याला पोरके करणे. पिले धडधाकट आणि सुरक्षित असतील तर थोडे लांब थांबून आईची वाट पाहावी. आई मेलेलीच असेल आणि पिलू गारठलेले असेल, तर आधी ऊब आणि मगच दूध. गार पडलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही. तेही गाईचे नव्हे, डॉक्टर सांगतील ते.

इथपर्यंतची सगळी धावपळ फार तर एका संध्याकाळची आहे. खरे काम नंतर सुरू होते. वाहनाच्या धडकेत मांजराचे कमरेचे हाड मोडणे हा नेहमीचा प्रकार आहे. त्यातल्या बऱ्याच जखमा शस्त्रक्रियेविना भरून येतात, पण त्यासाठी चार ते सहा आठवडे पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती लागते. पिंजरा एवढाच हवा की त्याला वळता यावे, उडी मारता येऊ नये. रोज अंथरूण बदलायचे, कमी उंचीच्या ट्रेमध्ये वाळू किंवा कागदाचे तुकडे घालायचे, एकाच कुशीवर पडून जखम होऊ नये म्हणून त्याला वळवायचे. लघवी होते की नाही, ही सर्वांत मोठी काळजी. मणक्याला मार बसला असेल तर मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते. ते डॉक्टरांकडून शिकायचे आणि दिवसातून दोन-तीन वेळा, न चुकता, करायचे. सहेरीला उठलेल्या घरात ती एक फेरी त्या पिंजऱ्याकडेही होते. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर त्याचे यकृत बिघडू लागते, म्हणून किती खाल्ले यावरही लक्ष ठेवायचे. घरात दुसरी मांजरे असतील तर त्यांना वेगळे ठेवायचे, कारण रस्त्यावरच्या मांजराबरोबर संसर्गजन्य आजार येऊ शकतात.

इतके करूनही सगळी मांजरे वाचत नाहीत. काहींचे पाय कायमचे जातात. एक पाय कापावा लागला तरी मांजर तीन पायांवर छान जगते, भिंतीवरही चढते, हे पाहिलेल्यांना पटते. दोन्ही मागचे पाय आणि लघवीवरचा ताबा गेला असेल, तर मात्र त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणे क्रूरपणाच ठरेल. अशाला कायमचे घर लागते. आणि क्वचित प्रसंगी, वेदना थांबवण्याचा कोणताच मार्ग उरत नाही तेव्हा, काय करावे हे पशुवैद्यकावर सोपवावे लागते. ही माणसे तो निर्णयही सोसतात. गल्लीतल्या चेष्टेत त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

बरे झालेले मांजर शक्यतो जिथून उचलले तिथेच सोडावे. त्याचे कोपरे, त्याचे पाणी, त्याला ओळखणारे दुकानदार तिथे असतात. अनोळखी भागात सोडलेले मांजर घाबरून पळते आणि पुन्हा चाकाखाली येते. सोडण्यापूर्वी त्याची नसबंदी करून घ्यावी. मांजरी पाच-सहा महिन्यांची होता होता गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचे टोक किंचित कापलेले असते. तो कान पाहिला की पुन्हा पकडण्याची गरज नाही, हे कळते. रात्रीच्या किंचाळ्या, जिन्यातला वास, वाढत जाणारी संख्या या शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नसतात. त्यांना उत्तर नसबंदीचे आहे. पोत्यात भरून गावाबाहेर सोडण्याचे किंवा खाण्यात काही कालवण्याचे नाही.

कायद्याचेही सांगायला हवे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड इफ्तारची फळेही येत नाहीत. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मांजराला मालक नाही म्हणून त्याला वाली नाही, हा समज चुकीचा आहे.

‘माणसे उपाशी असताना मांजरांवर पैसे कशाला?’ हा प्रश्न या महिन्यात हमखास येतो. तो टाळण्यासारखा नाही. जकात कुणाला द्यावी, हे कुरआनने ‘तौबा’ या सूरेत स्पष्ट केले आहे. ते आठ वर्ग माणसांचे आहेत. गरीब, गरजू, कर्जबाजारी, वाटेत अडकलेला प्रवासी यांचा तो हक्क आहे. फितराही ईदच्या दिवशी कुणी गरीब उपाशी राहू नये यासाठी असतो. या दोन्हींतला एक रुपयाही मांजराकडे वळवण्याची गरज नाही. पण त्यापलीकडे ऐच्छिक सदका आहे आणि त्याला अशी मर्यादा नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, पायातल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची हदीस प्रसिद्ध आहे, आणि प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईचे फळ आहे, असे तिथेच सांगितले आहे. शिवाय वस्तुस्थिती अशी की, पिंजरा साफ करणारे हात माणसाच्या मदतीलाही पुढे असतात. ज्यांना मांजर दिसत नाही त्यांना शेजारचा माणूसही सहसा दिसत नाही.

आणि पैशापेक्षा कमतरता आहे ती व्यवस्थेची. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण त्याची घडी गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी बसलेली असते. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे काढायला मोठे शहर गाठावे लागते आणि तो खर्च ‘मांजरवाली’ आपल्या पगारातून करते. नगरपालिकेने दवाखान्याला लागून एक खोली आणि चार-सहा पिंजरे दिले, महिन्यातून ठरावीक दिवस मांजरांच्या नसबंदीसाठी राखून ठेवले, तर शहराच्या तिजोरीला भगदाड पडणार नाही. मशिदीची कमिटी, गणेश मंडळ, देवस्थानचा ट्रस्ट, व्यापारी संघ यांना एकेक पिंजरा आणि एकेका महिन्याच्या औषधांचा खर्च सहज पेलेल. घरी ठेवायला जागा नसलेल्यांनी दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी रिक्षा द्यावी. औषधाच्या दुकानदाराने थोडी सवलत द्यावी. मटण-मासळी विक्रेत्यांनी टाकाऊ भाग रस्त्याकडेला न फेकता झाकणाच्या पिंपात टाकला, तर मांजरांना रस्ता ओलांडण्याचे कारणच कमी होईल आणि माणसांनाही दुर्गंधी सोसावी लागणार नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, एवढाच प्रश्न आहे, आणि ती एकट्याने बांधायची नाही.

सर्वांत स्वस्त उपाय तर दुचाकीच्या मुठीत आहे. मगरीबपूर्वीच्या शेवटच्या अर्ध्या तासात वाहन थोडे हळू चालवले, तर मांजरेच नव्हे, माणसांची मुलेही वाचतील. रोजा एका खजुराने आणि दोन घोट पाण्याने सुटतो. खजूर खिशात ठेवता येतो, पाण्याची बाटली डिकीत. वेळ झाली की रस्त्याच्या कडेला थांबावे, रोजा सोडावा आणि मग निवांत घरी जावे. ताटातल्या बाकीच्या पदार्थांना अर्ध्या तासाने काही फरक पडत नाही.

आणि एखाद्या संध्याकाळी तो घोळका दिसलाच, तर अजान झाल्यावर सगळ्यांनी एकदम पांगू नये. तिथे खोका शोधणारी ती मुलगी किंवा तो हातगाडीवाला असेल. त्याच्या हातात आधी एक खजूर द्यावा, मग खोक्याची दुसरी बाजू धरावी. दवाखान्याचा रस्ता दोघांना मिळून जवळ पडतो.